जकातीच्या वहीमागचा कवी : जेफ्री चॉसर

इंग्लंडच्या राजघराण्यातील एका सुनेच्या खासगी खर्चाच्या हिशेबात १३५७ सालची एक लहानशी नोंद आहे. एका पोरसवदा हुजऱ्यासाठी आखूड अंगरखा, तांबड्या व काळ्या रंगाची तंग विजार आणि एक जोड्यांचा जोड विकत घेतल्याची ती नोंद होय. पुढे हे हिशेबाचे कागद निरुपयोगी ठरले आणि एका हस्तलिखिताच्या बांधणीत आधारासाठी चिकटवले गेले. कित्येक शतकांनंतर ते तेथून सुटून बाहेर आले, तेव्हा त्या हुजऱ्याचे नाव वाचावयास मिळाले. ते नाव होते जेफ्री चॉसर. इंग्रजी काव्याचा जनक म्हणून ज्याचा आज जगभर गौरव होतो, त्याचे हे पहिले लेखी दर्शन. त्यात काव्याचा गंधही नाही. केवळ कपड्यांचा हिशेब आहे.

ही गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. चॉसरच्या हयातीतील सरकारी व दरबारी कागदपत्रे विद्वानांनी परिश्रमाने शोधून १९६६ साली एकत्र छापली. त्यांची संख्या पाचशेच्या घरात जाते. पगार, वर्षासने, प्रवासखर्च, नेमणुका, कोर्टातील फिर्यादी असे नानाविध कागद त्यांत आहेत. परंतु हा मनुष्य कवी होता असा उल्लेख त्यांपैकी एकाही कागदात नाही. राज्याच्या दप्तराला ठाऊक होता तो एक विश्वासू, कामसू नोकर. दिवसा हिशेब तपासणाऱ्या आणि रात्री दिव्याजवळ बसून वाचणाऱ्या ह्या नोकराने आपल्या देशाच्या भाषेस काव्यभाषेची प्रतिष्ठा कशी मिळवून दिली, आणि त्यासाठी भांडवल कोठकोठून आणले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ह्या कार्याचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी त्या काळच्या इंग्लंडमधील भाषांची स्थिती प्रथम समजून घेतली पाहिजे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हापासून राजदरबार, सरदारवर्ग आणि न्यायासन ह्यांची भाषा फ्रेंच झाली. धर्म व विद्या ह्यांची भाषा लॅटिन होतीच. इंग्रजी उरली ती शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात. तीत काव्ये रचली जात नव्हती असे नव्हे. तथापि प्रतिष्ठेच्या पंक्तीस तिला पाट नव्हता. चौदाव्या शतकात ही स्थिती पालटू लागली. १३६२ साली असा कायदा झाला की न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत चालावेत, कारण लोकांस फ्रेंच समजत नाही. मौज अशी की हा कायदाच मुळी फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. अशा संधिकाळात कवीने कोणती भाषा निवडावी, हा प्रश्न साधा नव्हता. चॉसरचा मित्र जॉन गॉवर ह्याने एक मोठे काव्य फ्रेंचमध्ये, एक लॅटिनमध्ये आणि एक इंग्रजीत लिहून तिन्ही दारांवर आपले नाव कोरून ठेवले. कोणती भाषा टिकेल हे कोणास ठाऊक! चॉसरची जी काव्ये आज त्याच्या नावावर निश्चितपणे आहेत, ती सर्व एका इंग्रजीत आहेत.

चॉसरचा जन्म लंडन शहरात १३४० ते १३४३ च्या सुमारास झाला. त्याचा बाप जॉन चॉसर हा मद्याचा घाऊक व्यापारी. टेम्स नदीच्या काठी ज्या भागात फ्रान्सकडून येणारी मद्याची पिंपे उतरत, तेथे त्याचे घर होते. चॉसर हे आडनावही मूळ फ्रेंच असून त्याचा संबंध पादत्राणे व पायमोजे करणाऱ्यांच्या धंद्याशी आहे. नदीच्या धक्क्यावर फ्रेंच, इटालियन, फ्लेमिश असे नाना देशांचे व्यापारी व खलाशी येत. तेव्हा कानावर अनेक भाषा पडत असताना हे मूल वाढले, असे म्हणावयास हरकत नाही.

तो लहान असतानाच, १३४८ साली, 'काळा मृत्यू' ह्या नावाने कुप्रसिद्ध झालेली प्लेगची साथ इंग्लंडमध्ये शिरली. वर्ष-दीड वर्षाच्या अवधीत देशातील किमान तिसरा हिस्सा लोक मेले. चॉसरचे आईबाप वाचले. पण नात्यातील माणसे गेली आणि त्यांची मिळकत वारसाहक्काने ह्या कुटुंबाकडे आली. मृत्यूने रिकामी केलेल्या घरांतून अशा रीतीने एका व्यापाऱ्याच्या मुलाचा पुढचा मार्ग सुकर झाला. बापाने वजन खर्चून त्यास राजपुत्र लायोनेल ह्याची पत्नी, अल्स्टरची काउंटेस एलिझाबेथ, हिच्या पदरी ठेवले. आरंभी सांगितलेली कपड्यांची नोंद तिच्याच हिशेबातली.

दरबारात शिरलेल्या तरुणाचे शिक्षण शाळेत होत नाही; ते मुदपाकखान्यात, शिकारीत, स्वारीत आणि दिवाणखान्यात होते. १३५९ साली तिसऱ्या एडवर्ड राजाच्या सैन्याबरोबर चॉसर फ्रान्सच्या स्वारीवर गेला आणि रीम्स शहराच्या परिसरात शत्रूच्या हाती सापडला. १३६० च्या मार्चमध्ये त्याच्या सुटकेच्या खंडणीपोटी राजाने १६ पौंड दिले. पुढे त्याने फिलिप्पा नावाच्या राणीच्या पदरच्या एका स्त्रीशी विवाह केला. १३६७ साली राजाने त्यास २० मार्कांचे वर्षासन बांधून दिले. मार्क हे नाणे नसून हिशेबाचे परिमाण होते. एक मार्क म्हणजे पौंडाचा दोन-तृतीयांश भाग.

ह्या दरबारी वर्षांतच त्याच्यावर पहिला मोठा संस्कार झाला, तो फ्रेंच काव्याचा. त्या काळी सुशिक्षित सरदारांच्या घरोघरी 'रोमां द ला रोज' म्हणजे गुलाबाची कथा हे दीर्घ रूपकात्मक काव्य वाचले जाई. त्याचा पूर्वार्ध गीयोम द लोरिस ह्याचा व उत्तरार्ध झां द मँ ह्याचा. पूर्वार्धात प्रेमाचे नाजूक स्वप्न आहे, तर उत्तरार्धात जगाच्या ढोंगांवर कोरडे ओढलेले आहेत. चॉसरने ह्या काव्याचे इंग्रजीत भाषांतर केले. भाषांतर करताना दोन्ही कवींचे गुण त्याच्या लेखणीत उतरले आणि जन्मभर टिकले. समकालीन फ्रेंच कवींपैकी माशो व फ्र्वासार ह्यांचीही रचना त्याने मन लावून अभ्यासली. १३६८ साली राजपुत्र जॉन ऑफ गाँट ह्याची तरुण पत्नी ब्लान्श वारली. तिच्या स्मरणार्थ चॉसरने 'बुक ऑफ द डचेस' हे काव्य लिहिले. स्वप्न, वनातील शिकार, काळ्या वेषातील शोकमग्न सरदार हे सर्व साहित्य फ्रेंच काव्यांतून उचललेले आहे. परंतु कवी त्या सरदाराशी बोलतो ते भोळ्या, थोड्याशा मंद माणसासारखे. त्याला दुःखाचे कारण चटकन कळत नाही, आणि म्हणूनच त्या सरदारास ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते व सांगता सांगता त्याचे मन हलके होते. हा भोळा निवेदक फ्रान्समधून आलेला नाही. तो चॉसरचा स्वतःचा, आणि पुढे त्याच्या अखेरच्या ग्रंथापर्यंत त्याची सोबत सुटली नाही.

दुसरा संस्कार इटलीचा. १३७२ च्या डिसेंबरात राजाने त्यास व्यापारविषयक बोलणी करण्यासाठी जिनोआस पाठविले. त्याच प्रवासात तो फ्लॉरेन्सलाही गेला आणि १३७३ च्या मे महिन्यात परतला. १३७८ साली त्याची पुन्हा इटलीत, लोंबार्डीत, मिलानच्या बेर्नाबो व्हिस्कोंती ह्या सत्ताधीशाकडे पाठवणी झाली. दान्ते वारून पन्नास वर्षे लोटली होती. पेत्रार्क व बोकाचो हे दोघे मात्र पहिल्या प्रवासाच्या वेळी हयात होते. चॉसर फ्लॉरेन्सहून परतल्यावर काही महिन्यांतच तेथे बोकाचोने दान्तेच्या महाकाव्यावर जाहीर व्याख्याने देण्यास आरंभ केला. ज्या दान्तेने लॅटिन बाजूस सारून लोकभाषेत स्वर्ग व नरक उभे केले, त्याचा केवढा सन्मान त्याचे नगर करू लागले होते! लोकभाषेतील कवीसही प्राचीन रोमन कवींच्या शेजारी आसन मिळू शकते, ही गोष्ट इंग्लंडमध्ये कोणी सांगितली असती तर ती पोकळ वाटली असती. इटलीत ती उघड दिसत होती.

चॉसर इटलीतून पुष्कळ घेऊन आला. परंतु जसेच्या तसे त्याने काहीच ठेवले नाही. बोकाचोच्या 'तेसेइदा' ह्या सुमारे १०,००० ओळींच्या काव्यापासून त्याने सरदाराची कथा रचली, ती सुमारे २,२५० ओळींत. उलट, बोकाचोच्याच 'फिलोस्त्रातो' ह्या प्रेमकथेवरून 'ट्रॉयलस अँड क्रिसीड' लिहिताना त्याने कथा वाढवीत ८,२०० हून अधिक ओळींपर्यंत नेली. वेढा पडलेल्या ट्रॉय नगरातील राजपुत्र ट्रॉयलस, त्याची प्रेयसी क्रिसीड आणि दोघांमध्ये मध्यस्थी करणारा तिचा चुलता पँडारस ही पात्रे ह्या काव्यात आहेत. बोकाचोचा मध्यस्थ हा नायकाच्या वयाचा एक तरुण सरदार आहे. चॉसरने त्यास चतुर, बडबड्या, थट्टेखोर आणि मनाने मात्र हळवा असा चुलता केला. क्रिसीड अखेरीस दुसऱ्या पुरुषाकडे वळते. मूळ कथेत तिच्यावर ठपका आहे. चॉसर मात्र एकट्या पडलेल्या त्या विधवेची भीती उलगडून दाखवितो आणि तिला दोष देताना त्याची लेखणी अडखळते. कथेचा सांगाडा परका आहे, पण अंतःकरण त्याचे स्वतःचे आहे. विशेष म्हणजे ज्याच्याकडून इतके घेतले त्या बोकाचोचे नाव चॉसर कोठेही घेत नाही. लोलियस नावाच्या भलत्याच प्राचीन ग्रंथकाराकडे तो बोट दाखवितो. पेत्रार्कचे नाव मात्र तो आदराने घेतो. बोकाचोने इटालियनमध्ये लिहिलेली सोशिक ग्रिझेल्डाची कथा पेत्रार्कने लॅटिनमध्ये आणली आणि चॉसरने ती ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याच्या तोंडी इंग्रजीत घातली.

आता त्या इंग्रजीकडे वळू. ग्रंथांतून कथा मिळतात, वृत्ते मिळतात. माणसांचे बोलणे मिळत नाही. ते चॉसरला मिळाले त्याच्या कचेरीत. १३७४ च्या जूनमध्ये लंडन बंदरातील लोकर व कातडी ह्यांवरील जकातीचा कंट्रोलर, म्हणजे तपासनीस, म्हणून त्याची नेमणूक झाली. इंग्लंडची लोकर हे त्या काळी राज्याच्या उत्पन्नाचे मुख्य साधन होते. जकात गोळा करणारे धनाढ्य व्यापारी एकीकडे आणि त्यांच्या हिशेबावर नजर ठेवणारा हा तपासनीस दुसरीकडे, अशी ती व्यवस्था होती. पगार वर्षास १० पौंड, आणि अट अशी की वही त्याने स्वहस्ते लिहावी. ही नोकरी त्याने सुमारे बारा वर्षे केली. गोणी वाहणारे हमाल, जहाजांचे तांडेल, लबाडी करणारे व्यापारी, जाये करणारे दलाल ह्यांच्यात त्याचा दिवस जाई. राहण्यास त्यास शहराच्या तटातील ऑल्डगेट ह्या वेशीवरचे घर बिनभाड्याने मिळाले होते. आपल्या 'हाउस ऑफ फेम' ह्या काव्यात त्याने स्वतःचीच थट्टा करून घेतली आहे. एक गरुड कवीस पंजात धरून आकाशात नेतो आणि त्यास टोचून बोलतो की, हिशेब संपवून घरी गेल्यावर तू पुन्हा दुसऱ्या वहीपुढे डोळे मंद होईतो मुक्याने बसतोस. दाराशी राहणाऱ्या शेजाऱ्यांचीही तुला वार्ता नसते.

ह्या वेशीच्या घराखालूनच १३८१ च्या जून महिन्यात इतिहास चालत गेला. प्लेगनंतर मजुरांची टंचाई पडली, मजुरी वाढू लागली, तेव्हा ती दाबून धरण्यासाठी कडक कायदे झाले. त्यात डोईपट्टीची भर पडली. अखेर एसेक्स व केंट परगण्यांतील शेतकरी बंड करून उठले. एसेक्सचे बंडवाले लंडनमध्ये शिरले ते ऑल्डगेटच्या वेशीने. जॉन ऑफ गाँटचा राजवाडा जळाला. चॉसरचा जन्म ज्या वस्तीत झाला तेथेच परदेशी फ्लेमिश लोकांची कत्तल झाली. एवढ्या भयंकर प्रसंगाचा चॉसरच्या काव्यात उल्लेख किती? कोंबडा पळविणाऱ्या कोल्ह्याच्या मागे लागलेल्या गावकऱ्यांच्या ओरड्याचे वर्णन करताना एक ओझरती उपमा, इतकाच. दरबारचा नोकर उघड बोलू शकत नव्हता हे खरे. पण पुढे ह्याच कवीने नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र सरदाराइतक्याच आदराने काढले, हेही विसरता येत नाही.

त्याच मजूर-कायद्यांशी चॉसरच्या चरित्रातील एक काळा डाग निगडित होता. १३८० च्या एका दस्तऐवजात सेसिली शॉम्पेन नावाच्या स्त्रीने चॉसरला एका आरोपातून मुक्त केल्याचे लिहिले आहे. आरोपाचा लॅटिन शब्द असा की त्याचा अर्थ स्त्रीवरील अत्याचार असाही होतो व पळवून नेणे असाही होतो. १८७३ साली हा कागद उजेडात आल्यापासून जवळजवळ दीडशे वर्षे कवीच्या नावावर तो संशय राहिला. २०२२ साली त्याच प्रकरणाचे आणखी कागद प्रसिद्ध झाले. त्यांवरून दिसते की सेसिलीचा पूर्वीचा धनी टॉमस स्टॉन्डन ह्याने मजूर-कायद्याखाली चॉसर व सेसिली ह्या दोघांवरही फिर्याद केली होती. मुदत संपण्यापूर्वी तिने नोकरी सोडली आणि चॉसरने तिला कामावर ठेवले, हे फिर्यादीचे कारण. तेव्हा त्या शब्दाचा रोख अत्याचाराकडे नसून नोकरी बदलण्याकडे असावा, असे पुष्कळ अभ्यासकांस आता वाटते.

१३८६ साली चॉसर केंट परगण्याचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसला. त्याच वर्षी त्याने ऑल्डगेटचे घर सोडले आणि जकातीची जागाही सोडली. तरुण राजा दुसरा रिचर्ड व त्याचे विरोधी सरदार ह्यांच्यातील झगडा विकोपास जात होता. १३८८ साली राजाच्या पक्षातील अनेकांची डोकी उडाली. जकातखात्यात चॉसरचा सहकारी असलेला निकोलस ब्रेम्बर आणि चॉसरचा चाहता लेखक टॉमस उस्क हे दोघेही फासावर गेले. चॉसर वेळीच बाजूस झाला म्हणून वाचला. त्याच सुमारास त्याच्या पत्नीचे नाव कागदपत्रांतून नाहीसे होते, आणि १३८८ साली त्याने आपली वर्षासनेही दुसऱ्याच्या नावे करून टाकली. दैवाचे चक्र कसे फिरते ह्याचे ज्ञान त्यास केवळ पुस्तकातून झालेले नव्हते. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने कारागृहात मृत्यूची वाट पाहत लिहिलेला ग्रंथ चॉसरने इंग्रजी गद्यात आणला होता. दैव देते ते आपले कधीच नव्हते, मग ते गेल्याचा शोक कशाला, ही त्या ग्रंथाची शिकवण चॉसरच्या गंभीर काव्यांतून सर्वत्र झिरपलेली आहे.

१३८९ साली त्यास पुन्हा नोकरी मिळाली, ती राजाच्या बांधकामांवरील अधिकाऱ्याची. १३९० च्या सप्टेंबरात मजुरीचा पैसा घेऊन जाताना काही दिवसांच्या आत त्यास चोरट्यांनी एकाहून अधिक वेळा लुबाडले. १३९१ साली ही नोकरी सुटली, आणि त्याच वर्षी त्याने एक आगळेच पुस्तक हाती घेतले. लुइस नावाच्या आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी त्याने ॲस्ट्रोलेब ह्या ग्रहवेधाच्या यंत्राची माहिती सोप्या इंग्रजीत लिहिली. मुख्य आधार होता माशाअल्ला ह्या बगदादच्या ज्योतिषाच्या नावावरील ग्रंथाच्या लॅटिन भाषांतराचा. यंत्रावरील आकडे तो 'ऑग्रिम'चे आकडे म्हणून सांगतो. हा शब्द अल्-ख्वारिझ्मी ह्या गणितज्ञाच्या नावावरून आला, आणि ते आकडे म्हणजे अरबांमार्फत युरोपात गेलेले आपलेच भारतीय अंक होत. ह्याच यंत्रावर भारतात महेंद्रसूरी ह्या जैन ज्योतिषाने फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ लिहिला तो १३७० साली, म्हणजे चॉसरच्या आधी केवळ एकवीस वर्षे. एकच विद्या पूर्वेस संस्कृतात आणि पश्चिमेस इंग्रजीत उतरत होती.

ह्या छोट्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत चॉसरच्या सर्व कार्याचे मर्म आलेले आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : मुलाला लॅटिन फारसे येत नाही, म्हणून हे इंग्रजीत लिहिले आहे. ग्रीकांनी ही विद्या ग्रीकमध्ये, अरबांनी अरबीत, यहुद्यांनी हिब्रूत मांडली. लॅटिन लोकांनी ती इतर भाषांतून शिकून आपल्या भाषेत आणली. त्यांना ती भाषा पुरली, तर ह्या मुलाला इंग्रजी का पुरू नये? विद्या कोणा एका भाषेची मालमत्ता नव्हे, ही गोष्ट त्याने मोठ्या पंडितसभेत न सांगता दहा वर्षांच्या पोरास सांगितली आहे.

ह्या सर्व तयारीचे फळ म्हणजे 'कँटरबरी टेल्स'. १३८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने हा ग्रंथ आरंभिला. ११७० साली कँटरबरीच्या मंदिरात वधिल्या गेलेल्या आर्चबिशप टॉमस बेकेट ह्याच्या समाधीच्या यात्रेस निघालेले सुमारे तीस लोक लंडनजवळच्या साउथवर्क येथील टॅबर्ड नावाच्या पांथशाळेत उतरतात. पांथशाळेचा मालक सुचवितो की प्रत्येकाने जाताना दोन व येताना दोन गोष्टी सांगाव्यात, आणि ज्याची गोष्ट उत्तम त्यास इतरांनी मेजवानी द्यावी. युद्धांतून आलेला सरदार, नाजूक रीतीने जेवणारी मठाधिकारिणी, पाच नवरे केलेली बाथ गावची कापड विणणारी बाई, धान्य चोरणारा पिठाच्या गिरणीवाला, जमीनदाराचा कंजूष कारभारी, पापमोचनाची पत्रे विकणारा लफंगा, खेड्यातला गरीब व सच्चा धर्मोपदेशक, आचारी, तांडेल, वैद्य, वकील अशी ही मंडळी आहेत. बोकाचोच्या 'देकामेरोन'मध्येही कथा सांगणारी मंडळी आहे. पण ते दहाही जण एकाच उच्च कुळांतले, एकाच तऱ्हेने बोलणारे. चॉसरचे यात्रेकरू एकमेकांशी भांडतात, मध्येच तोडतात, गोष्टीचा सूड गोष्टीने घेतात. सरदाराची उदात्त कथा संपते न संपते तोच झिंगलेला गिरणीवाला आपली असभ्य गोष्ट दामटतो, आणि ती ऐकून कारभारी चवताळतो. ज्याच्या त्याच्या तोंडी ज्याची त्याची भाषा आहे. जकातीच्या धक्क्यावर घालविलेली बारा वर्षे येथे फळास आली.

गोष्टी मात्र सर्व दिशांनी आलेल्या. फ्रान्सच्या चावट कथा, इटलीच्या प्रेमकथा, रोमन कवी ओव्हिडच्या पुराणकथा, ख्रिस्ती संतांची चरित्रे. पापमोचनपत्रे विकणाऱ्याने सांगितलेली कथा तर आपल्याकडील वाचकास ओळखीची वाटेल. मृत्यूला ठार मारावयास निघालेल्या तीन उनाडांस झाडाखाली सोन्याचा ढीग सापडतो. एकास अन्न आणण्यास धाडून उरलेले दोघे त्याला मारण्याचा बेत करतात. तो त्यांच्या पेयात विष कालवितो. आणि तिघेही सोन्यापाशी मरून पडतात. ह्या कथेचे सर्वांत जुने रूप पाली भाषेतील वेदब्भ जातकात आढळते. तेथे धनासाठी लढून उरलेल्या दोन चोरांपैकी एकजण भातात विष घालतो व दुसरा त्यास तलवारीने कापून तोच भात खातो. भारतातून निघालेली ही गोष्ट मुखामुखी फिरत लंडनच्या कवीपर्यंत पोचली.

वृत्ताच्या बाबतीतही चॉसरचे ऋण मोठे आहे. त्याचा समकालीन विल्यम लँगलंड हा थोर कवी जुन्या इंग्रजी पद्धतीने केवळ वर्णानुप्रासावर ओळ तोलीत असे. चॉसरने फ्रेंच व इटालियन रचनेपासून धडा घेऊन लघु-गुरूंच्या पाच जोड्यांची दहा अक्षरी यमकबद्ध ओळ इंग्रजीत रुजविली. त्या ओळीची सात ओळींची कडवी त्याने रचली आणि दोन-दोन ओळींची यमकेही जुळविली. पुढे शेक्सपिअरची नाटके व मिल्टनचे महाकाव्य ह्याच लांबीच्या ओळीवर उभे राहिले. युस्ताश देशां ह्या फ्रेंच कवीने चॉसरच्या हयातीतच त्याची स्तुती केली ती थोर भाषांतरकार म्हणून. आज ती स्तुती अपुरी वाटेल. पण तीत तथ्य आहे. परक्याचे घेण्यास चॉसर कधी लाजला नाही, आणि घेतलेले परके राहू दिले नाही.

शेवटची वर्षे ओढग्रस्तीची गेली. १३९८ साली त्याच्यावर सुमारे १४ पौंडांच्या कर्जाची फिर्याद झाली. १३९९ साली रिचर्डला पदच्युत करून जॉन ऑफ गाँटचा पुत्र चौथा हेन्री गादीवर आला. चॉसरने आपल्या रिकाम्या थैलीलाच प्रेयसी कल्पून एक विनोदी तक्रारकाव्य नव्या राजाकडे पाठविले. वर्षासन वाढवून मिळाले. त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने वेस्टमिन्स्टर ॲबीच्या बागेतील एक घर ५३ वर्षांच्या कराराने घेतले. करार लांबला, आयुष्य लांबले नाही. २५ ऑक्टोबर १४०० ही त्याच्या निधनाची परंपरागत तारीख आहे. कँटरबरीची यात्रा अपूर्णच राहिली. प्रत्येकी चार ह्या हिशेबाने शंभरावर गोष्टी व्हावयाच्या, त्या चोवीस झाल्या, आणि त्यांतल्याही काही अर्धवट. यात्रेकरू कँटरबरीस पोचल्याचे वर्णन त्यात नाही.

तरीही ग्रंथ टिकला. त्याची ऐंशीहून अधिक हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला तेव्हा आरंभीच्या मोठ्या ग्रंथांत 'कँटरबरी टेल्स'ची निवड केली. मध्यंतरी इंग्रजीचे उच्चार पालटले. शब्दांच्या शेवटी उच्चारला जाणारा स्वर लोपला, आणि चॉसरच्या ओळी लोकांस ओबडधोबड वाटू लागल्या. त्यास इंग्रजी काव्याचा जनक म्हणणाऱ्या ड्रायडनचाही १७०० साली तोच समज होता. टॉमस टिरव्हिट ह्या संशोधकाने १७७५ पासून प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत तो लोपलेला स्वर परत मिळवून दिला, तेव्हा कळले की ओळी कवीच्या चुकलेल्या नव्हत्या. वाचणाऱ्यांचे कान चुकले होते.

चॉसरचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले, ते तो कवी होता म्हणून नव्हे, तर राजाचा जुना नोकर आणि त्या ॲबीच्या आवारातील भाडेकरू होता म्हणून. १५५६ साली त्याच्यासाठी संगमरवरी थडगे उभारले गेले. १५९९ मध्ये स्पेन्सर हा कवी वारला, तेव्हा त्यास मुद्दाम चॉसरच्या जवळ ठेवण्यात आले. मग एकामागून एक कवी तेथे विसाव्यास आले आणि त्या जागेस 'कवींचा कोपरा' हे नाव पडले. दप्तरातील पाचशे कागदांनी ज्याला एकदाही कवी म्हटले नाही, त्याच्याभोवती त्याच्या भाषेतील कवींची पंगत बसली. ज्या भाषेला त्या पंक्तीत एके काळी पाट मिळत नव्हता, तिच्यासाठी तो पाट ह्या जकातीच्या तपासनिसाने रात्री दिव्याजवळ बसून मांडला होता.